दुधाच्या दाताशेजारी

सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहिना, उजव्या बाजूनं ओघळून हनुवटीवर आलं, तेव्हा तिनं आरशात पाहिलं. उजव्या जबड्याची कड नाहीशी झाली होती. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि ओठाचा कोपरा खाली ओढला गेल्यानं चेहऱ्यावर एक तिरकस हसू आलं होतं, जे तिचं नव्हतं. बोटानं दाबून पाहिलं तर आत काहीतरी ठणकलं, कानापर्यंत गेलं आणि परत येऊन दाढेत बसलं. दातांच्या डॉक्टरची बायको आणि गाल भोपळ्यासारखा, असं ती स्वतःशीच म्हणाली. पण हसायला तोंड वळेना. डॉक्टर गावाला गेले होते. आधी त्यांची परिषद होती, तिथून पुढे ते मुलाकडे जाणार होते, त्यामुळे दवाखान्याला चांगली लांब सुट्टी होती. तिनं फोन केला. मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. सूज आहे का, मग त्या नेहमीच्या गोळ्या सुरू कर, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, आल्यावर बघतो, असं त्यांनी सांगितलं आणि कुणाला तरी हसून काही म्हणत फोन ठेवला. नेहमीच्या गोळ्या. खरंच, नेहमीच्याच होत्या त्या. दर वर्षा-दीड वर्षानं त्या दाढेखाली हिरडीवर एक पुळी यायची, फुटायची, तोंडात खारट-कडवट चव पसरायची आणि जायची. डॉक्टर अंगठ्यानं ओठ बाजूला करायचे, बोटानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, हिरडीचं आहे, वयोमानानं व्हायचंच. त्यांचं बोट तोंडात असताना तिला कधी भीती वाटली नव्हती. उलट बरं वाटायचं. सबंध दिवस दुसऱ्यांच्या तोंडात असणारं ते बोट आपल्या तोंडात मात्र हळू फिरतं, असं तिला वाटायचं.

दुपारपर्यंत गोळ्यांनी काही केलं नाही. गिळताना घशातही दुखायला लागलं तेव्हा ती घाबरली आणि ओढणीनं गाल झाकून कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात गेली. काचेची दारं, आत हिरवी झाडं, हलकं संगीत. डॉक्टर त्या जागेला शोरूम म्हणत. येता-जाता गाडीतून बोट दाखवून म्हणायचे, इथे दात मिळतात, शिवाय पिशवी फुकट. तीही हसायची. आज त्याच शोरूमच्या मऊ बाकावर ती बसली आणि आपण काउंटरच्या या बाजूला पहिल्यांदाच बसतोय, हे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यात ती पलीकडे होती. पेशंट तिला वहिनी म्हणत. घाबरलेल्या माणसाला पाणी देणं, त्याच्या मांडीवरची पिशवी काढून बाजूला ठेवणं, आतून मशीनचा आवाज आला की मुद्दाम काहीतरी बोलायला लागणं, ही तिची कामं. दार उघडून एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, मुलाच्या वयाची असेल, आणि म्हणाली, या काकू. आपण कोण ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर ही पोरगी बुजेल, हे एक. आणि दुसरं म्हणजे, नुसती काकू असणं तिला त्या क्षणी फार आरामाचं वाटलं.

एक्स-रे समोरच्या मोठ्या पडद्यावर आला. इतका मोठा, की दाढ नसून एखादं झाड मुळांसकट उपटून उजेडात धरलं आहे असं वाटावं. डॉक्टरीण खुर्ची पुढे सरकवून बोलू लागली. "ही तुमची दाढ. हिचं रूट कॅनाल पूर्वी झालंय. आता या पुढच्या मुळात बघा, ही बारीक पांढरी रेघ दिसते? तो धातूचा तुकडा आहे. मुळातली नळी साफ करायची जी सुई असते, तिचं टोक. आत मोडून राहिलंय. त्याच्या खालचा भाग साफच झालेला नाही, म्हणून तिथे घाण साचत गेली. आणि हा सगळा काळा भाग, मुळाच्या टोकापासून इथपर्यंत. इथे हाड नाही."

"नाही म्हणजे?"

"होतं. गेलं."

कधी गेलं, असं तिनं विचारलं. त्या मुलीनं खांदे किंचित उडवले. एका दिवसात नाही जात, म्हणाली, वर्षानुवर्षं थोडं थोडं जातं, वरून काही कळत नाही. मग बोलता बोलता तिच्या आवाजात उगाचच एक लाडिकपणा आला. "आणि हा शेजारचा पाहिलात का? हा तुमचा दुधाचा दात आहे. त्याच्याखाली पक्का दात तयारच झाला नाही, म्हणून तो पडला नाही. किती छान टिकलाय."

दुधाचा दात. त्या शब्दासरशी पडदा, खोली, गालातला ठणका सगळं मागे सरकलं आणि तिच्यासमोर एक मोठं सभागृह उभं राहिलं, अंधार केलेलं, थंडगार. ती पहिल्या रांगेत बसली होती. अंगावर नवे कपडे, मांडीवर कुणीतरी दिलेला फुलांचा गुच्छ. मंचावर डॉक्टर उभे होते, हातात लाल ठिपका पाडणारी ती कांडी, आणि मागे भिंतभर असाच एक एक्स-रे. त्या दिवशी त्यांचा सत्कार होता आणि सत्कारानंतर भाषण. विषय काहीतरी चुकांबद्दल होता. मोठा डॉक्टर आपल्या चुका सांगतो, याचंच सगळ्यांना कौतुक. लाल ठिपका एका बारीक पांढऱ्या रेघेवर थांबला. डॉक्टर म्हणाले, ही माझ्या हातून मोडलेली सुई. मग ठिपका थोडा बाजूला सरकला. आणि हा शेजारी दुधाचा दात. बाई चाळिशीच्या, पण एक दात अजून मोठं व्हायला तयार नाही. सभागृह हसलं. ती हसली. तीनशे-चारशे माणसं हसली असतील, त्यांत तिचं हसूही मिसळून गेलं. हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी आवाज खाली आणला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. घरी महत्त्वाचं बोलताना ते असाच आवाज काढत. ते म्हणाले, मी काय केलं? हातमोजे काढले, खुर्ची ओढली, तिच्या डोळ्यांत बघून तिला सांगितलं की असं असं झालंय. सुई मोडणं हा अपघात आहे, मित्रांनो. लपवणं हा गुन्हा आहे. आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या तिनं गुच्छ मांडीवरून काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, टाळ्या नीट वाजवता याव्यात म्हणून.

घरी येताना गाडीत तिनं त्यांना विचारलं होतं. शंका म्हणून विचारलं नव्हतं, गंमत म्हणून विचारलं होतं. आपल्यासारखी आणखी एक आहे या शहरात, याचा एक बालिश आनंद झाला होता तिला. ती म्हणाली होती, अहो, तुमच्या त्या पेशंटचाही दुधाचा दात राहिलाय, माझ्यासारखा. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नव्हती. पुढच्या गाडीला दिवा दाखवत ते म्हणाले होते, असतो गं, बऱ्याच जणांचा असतो. आणि लगेच म्हणाले, आज तू छान दिसत होतीस. त्या एका वाक्यावर ती पुढचे कितीतरी दिवस तरंगली होती.

"आधीचं काम कुणी केलं होतं, आठवतंय?" डॉक्टरीण विचारत होती.

"दुसऱ्या गावाला झालं होतं," ती म्हणाली. "आता नाही आठवत." खोटं इतकं पटकन आणि इतकं गुळगुळीत आलं की तिची तिलाच लाज वाटली. म्हणजे हे असं येतं तर. काही करावं लागत नाही. जीभ आपणहून वळते. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फक्त चीर देऊन पू काढला, औषध बदलून दिलं आणि पुढचं सगळं समजावून सांगितलं. दाढ काढून टाकणं हा एक मार्ग. वाचवायची असेल तर सूज उतरल्यावर हिरडी उघडून बाजूनं आत जायचं, सुईच्या तुकड्यासकट मुळाचं टोक कापायचं, सगळं खरवडून स्वच्छ करायचं. मग जी पोकळी उरेल तिच्यात हाडाची भुकटी भरायची आणि वर एक पातळ पडदा घालायचा. पडदा कशाला, असं तिनं विचारलं. कारण हिरडी घाईची असते, ती मुलगी म्हणाली, जागा मोकळी दिसली की लगेच आत घुसून भरून टाकते. वरून बरं झाल्यासारखं दिसतं, पण दाताला धरून ठेवणारं असं काही तयार होत नाही. हाड सावकाश वाढतं, म्हणून त्याची जागा राखून ठेवावी लागते. मग बरेच महिने थांबायचं. येईल का परत, तिनं विचारलं. बहुतेक येतं, डॉक्टरीण म्हणाली. खात्री नाही देत, पण बहुतेक येतं.

घरी जाताना तिनं लांबचा रस्ता धरला. बधिर ओठ दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता आणि रस्त्यावरची माणसं, दुकानांच्या पाट्या, सिग्नलला थांबलेली एक शाळेची बस, सगळं तिला काचेपलीकडून दिसावं तसं दिसत होतं. तिला रूट कॅनालचा तो दिवस आठवायचा होता. तो सुट्टीचा दिवस होता, एवढं नक्की. तिच्यासाठी म्हणून डॉक्टरांनी दवाखाना उघडला होता आणि सिस्टरला खास बोलावलं होतं. तोंडावर हिरवं कापड, डोळ्यांवर दिव्याचा प्रकाश. ते काहीतरी गुणगुणत होते. मग गुणगुणणं थांबलं. आतापर्यंत तिला कधी हे वेगळं आठवलं नव्हतं, पण आता आठवलं: गुणगुणणं मधेच थांबलं आणि त्यांचा हात तिच्या तोंडात तसाच राहिला, न हलता, दगडासारखा. वर सिस्टरचे डोळे होते, मास्कच्या वर, मोठे झालेले. ते डोळे डॉक्टरांकडे वळले, मग तिच्याकडे, मग पटकन ट्रेकडे. डॉक्टर काही वेळानं म्हणाले, झालं, छान झालं. सिस्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला होता. किती माया करते ही आपल्यावर, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आणि त्यानंतरचा तो आठवडा. चालता चालता ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिच्या सबंध संसारात तसा आठवडा दुसरा नव्हता. डॉक्टर संध्याकाळी लवकर घरी यायचे. तिला चावायला त्रास नको म्हणून स्वतः उभं राहून, कधी नाही ते, भाज्या मऊ शिजवायचे, चमच्यानं घोटायचे. जेवताना तिच्याकडे बघत राहायचे. दुखतंय का, दुखतंय का, दर तासाला विचारायचे. खिडकीपाशी ठेवायला तिला हवी होती ती आरामखुर्ची त्यांनी न सांगता आणली. एकदा तर तिच्या पायाशी जमिनीवर बसून त्यांनी आपलं डोकं तिच्या गुडघ्यांवर टेकलं होतं आणि कितीतरी वेळ काही बोलले नव्हते. मुलगा तेव्हा शिकायला बाहेर होता, घर रिकामं होतं. तिला वाटलं होतं, आता आपण दोघंच उरलो म्हणून ह्यांना आपण नव्यानं दिसायला लागलो आहोत. पुढे जेव्हा जेव्हा त्यांच्यात अबोला झाला, ते तुटकपणे वागले, चारचौघांत तिला गप्प बस म्हणाले, तेव्हा तेव्हा ती त्या आठवड्याकडे परत जायची आणि म्हणायची, नाही, आतून तो माणूस तसा आहे, मी पाहिलाय. इतकी वर्षं ती त्या एका आठवड्याच्या जोरावर राहिली होती. आता त्याच्याकडे पाहावं तर त्यात एक घाबरलेला माणूस होता. तिला काही होतंय का याची वाट बघणारा. आणि आठवडा उलटून गेला, काही झालं नाही, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो पुन्हा नेहमीसारखा झाला. पायरीसमोरून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, बरं नाही का? दात दुखतोय, ती म्हणाली. त्या बाईनं कळवळून मान हलवली आणि म्हणाली, फार वाईट दुखणं.

सिस्टर आता काम सोडून आपल्या भावाकडे राहत होती. तिला फोन करायचा नाही असं तिनं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सिस्टरनं नेहमीसारखं विचारलं, दाढ कशी आहे वहिनी? दर भेटीत ती हेच विचारायची, सवयीनं. सुई मोडली होती ना गं, असं ती म्हणाली, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं. मग सिस्टर हलकेच म्हणाली, "मला वाटलं, साहेबांनी तुम्हाला घरी सांगितलं असेल." त्यात खोटेपणा नव्हता. सिस्टरला खरंच तसं वाटलं असणार. नवराबायको म्हटल्यावर घरी काय बोलतात ते बाहेरच्यानं कसं विचारावं? तिला सिस्टरचा रागही आला नाही. आला तो एक विलक्षण एकटेपणा. म्हणजे सिस्टरला माहीत होतं, भरलेल्या सभागृहाला माहीत होतं, तिच्या तोंडातली गोष्ट तेवढी तिला सोडून सगळ्यांना माहीत होती.

ऑपरेशन तिनं डॉक्टर यायच्या आत करून घेतलं. रोज फोनवर ते सूज विचारत आणि ती उतरली म्हणत असे. ते खरंच होतं. खुर्चीत आडवी पडल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना एकच अट घातली, काय काय होतंय ते मला सांगत राहायचं. ती मुलगी हसली आणि खरंच सांगत राहिली. आता टोचतंय. आता हिरडी सोडवतेय, ओढल्यासारखं वाटेल. आता पाण्याचा आवाज येईल. इथे आत काही नाहीये काकू, मऊ लागतंय सगळं, हे मी काढते. डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं. दुखत नव्हतं, फक्त कुणीतरी तिच्या डोक्याच्या आतल्या भिंती खरवडत असल्यासारखा आवाज कवटीत घुमत होता, आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं. दुखतंय का, असं विचारल्यावर तिनं मान हलवून नाही म्हटलं. मिळाला, ती मुलगी एकदम म्हणाली, बघायचाय? कापसाच्या चौकोनावर एक तुकडा होता, पापणीच्या केसाएवढा. इतकासा. तिनं तो पाहिला आणि तिला वाटलं, इतकंसं सांगायला किती वेळ लागला असता? हातमोजे काढायचे, खुर्ची ओढायची. मी काही ओरडले असते का? रडले असते का? मी म्हणाले असते, बरं, मग आता काय करायचं? खात्रीनं तेच म्हणाले असते. ते न सांगून त्यांनी तिची काळजी वाचवली नव्हती. ती कशी बाई आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, असं तिच्या मनात आलं, आणि हे त्या तुकड्याहून जास्त टोचलं. मग भुकटी भरली, पडदा घातला, टाके पडले. जिभेनं तिकडे जाऊ नका, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी तिला घरी पाठवलं.

डॉक्टर आले ते थकलेले, उन्हानं रापलेले, मुलाच्या घरच्या गोष्टी सांगत. बॅग ठेवतानाच त्यांनी तिच्या गालाकडे पाहिलं आणि हात धुऊन आले. बघू, म्हणाले. तो शब्द त्यांनी आयुष्यात हजारो वेळा उच्चारला असेल, आणि त्यावर समोरचं तोंड उघडतं याची त्यांना इतकी सवय होती, की त्यांचा अंगठा तिच्या ओठाला लागलासुद्धा. तिनं ओठ मिटून घेतले. त्यांना वाटलं दुखत असेल. अगं, आ कर, हळूच बघतो. तिनं मान मागे घेतली. आपल्याच नवऱ्यापुढे दात आवळून उभी असलेली ती आणि हवेत तसाच राहिलेला त्यांचा अंगठा, असे दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मग तिनं शांतपणे सांगितलं की ऑपरेशन झालंय, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, टाके आहेत. शोरूममध्ये? ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आधी दुखावला, मग रागावला. माझी बायको दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसते, लोक काय म्हणतील, चार दिवस थांबता आलं नाही का, कापाकापी करायची काय गरज होती. तिनं ते सगळं बोलून होऊ दिलं.

"ती दुधाच्या दाताची बाई कोण होती?" तिनं विचारलं.

ते समजले. ते समजले हे तिला लगेच दिसलं, कारण त्यांनी कोणती बाई असं विचारलं नाही. ते खुर्चीवर बसले, टेबलावरचा ग्लास थोडा सरकवला, पुन्हा होता तिथे ठेवला. मग बोलायला लागले, आणि ते बोलत होते तेव्हा तिला वाटलं, आपण काउंटरवर बसलो आहोत आणि आतून त्यांचा आवाज येतोय, पेशंटशी बोलतानाचा. सुई कुणाच्याही हातून मोडते. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काढायला गेलं तर मूळच फुटायची भीती. सांगून काय साधलं असतं? तू रोज आरशासमोर उभी राहिली असतीस. तुला त्रास नको म्हणूनच ना.

"सभागृहात तुम्ही म्हणालात, तिला त्याच दिवशी सांगितलं."

"ते विद्यार्थ्यांसाठी होतं," ते म्हणाले. "त्यांनी सांगायला हवं."

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की तिला क्षणभर खरंच हसू आलं, आणि टाके ओढले गेले. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं. त्यांच्या मनात दोन वेगळ्या खोल्या होत्या, एकीत ते शिकवत आणि दुसरीत ते राहत, आणि मधलं दार त्यांनी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही. पण त्या हाताला काय हवंय, ही शंका आता तिच्या मनात होती, आणि ती यापुढे कधी जाणार नाही हेही तिला कळलं. प्रेमानं धरलाय की काही झाकायला? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. त्या एका तुकड्यानं त्यांचा एक आठवडा नाही, सगळेच आठवडे संशयात टाकले होते. बाळंतपणाच्या वेळी ते रात्रभर बाकावर बसले होते ते, आईच्या आजारपणात त्यांनी केलं ते, गाडीतलं ते छान दिसत होतीस. एकेक घेऊन ती उजेडात धरायची आणि तिला काही दिसायचं नाही, फक्त पांढरं आणि काळं.

काउंटरवर जाणं तिनं सोडलं. भांडण असं झालं नाही. सुरुवातीला टाक्यांचं निमित्त होतं, मग निमित्ताची गरज राहिली नाही. डॉक्टरांनी एक मुलगी नेमली आणि पेशंटना सांगितलं, वहिनी मुलाकडे गेल्यात. हे तिला भाजीवाल्याकडून कळलं; तो म्हणाला, अरे, तुम्ही इथेच? घरात दोघं नीट बोलत. बिल भरलं का, पाणी गेलंय, मुलाचा फोन आला होता. ते तिच्याशी जपून वागत, आणि ते जितकं जपून वागत तितकी ती आक्रसून जाई. सकाळी डॉक्टर गेल्यावर ती लांब फिरायला जाऊ लागली, मग वाचनालयात बसू लागली, कुणाचीच वहिनी नसताना. कधी एखादं पान वाचता वाचता जीभ नकळत त्या जागी जायची आणि तिला वाटायचं, आत्ता या घटकेला तिथे आत काहीतरी तयार होतंय. आपण रागात असलो, झोपलेलो असलो, काही ठरवलेलं नसलं, तरी ते आपलं काम करतंय. शरीराचा तिला हेवा वाटे आणि थोडा रागही येई. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि ते सावरायला लागलंसुद्धा होतं.

हिवाळा सरता सरता तपासणीचा दिवस आला. सकाळीच डॉक्टर म्हणाले, मी येतो. नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. शोरूमच्या मऊ बाकावर ते गुडघे जवळ घेऊन बसले, नातेवाईक बसतात तसे, आणि आत बोलावल्यावर तिच्या मागोमाग गेले. मी हिचा नवरा, मीही याच धंद्यातला, असं म्हणून त्यांनी नाव सांगितलं. डॉक्टरीणबाई उठूनच उभी राहिली. सर, तुम्ही? काकू, तुम्ही बोलला नाहीत कधी. कॉलेजात असताना तिनं त्यांचे लेख वाचले होते. तिनं त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि घाईघाईनं एक्स-रे लावला. दोन चित्रं शेजारी शेजारी: आधीचं आणि आताचं. आधीच्यात मुळाशी काळा खड्डा होता. आताच्यात तिथे बारीक दाणेदार जाळी भरून आली होती, कडेच्या हाडात मिसळत गेलेली. डॉक्टर पुढे वाकले. चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो खरा होता, हे तिला दिसलं. चांगलं काम पाहिल्यावर त्यांना नेहमीच असा आनंद होई.

"सुंदर भरलंय," ते म्हणाले, आणि तिच्याकडे वळून, मोठं ओझं उतरल्यासारखे, "बघ. शेवटी काही बिघडलं नाही."

डॉक्टरीणबाई लाजली. मग सरांसमोर आपलंही काही म्हणणं मांडावं म्हणून असेल, ती म्हणाली की खरं तर इतकं हाड जायलाच नको होतं. आधीच्या डॉक्टरनी तेव्हाच सांगितलं असतं, लक्ष ठेवलं असतं, तर ही वेळच आली नसती. असं कसं कुणी लपवतं, सर?

ती डॉक्टरांकडे पाहत होती. अजूनही, इतकं झाल्यावरही, तिच्यात कुठेतरी एक वाट पाहणारी बाई शिल्लक होती, हे तिला तेव्हाच कळलं. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता मान हलवली, एका वडीलधाऱ्या माणसानं हलवावी तशी, खेदानं.

"सांगायला हवं होतं त्यानं," ते म्हणाले. "असतात असे लोक आपल्यात."

वाट पाहणारी ती बाई त्या वाक्यावर उठून निघून गेली. काही मोडल्याचा आवाज झाला नाही, रागही आला नाही. तिनं गळ्यातला कागदी रुमाल सोडवला, घडी करून ट्रेवर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुम्हाला मी पहिल्या दिवशी खोटं सांगितलं. दुसऱ्या गावाला नव्हतं झालं ते. ह्यांनी केलं होतं."

त्या मुलीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मग काय करावं न कळून मास्क वर ओढला. डॉक्टरांचे कान हळूहळू लाल होत गेले, शाळकरी मुलाचे व्हावेत तसे. तिनं त्या मुलीचे आभार मानले, पुढची तारीख विचारली आणि बाहेर पडली.

बाहेर ऊन होतं. कोपऱ्यावरून गाड्या वळत होत्या. डॉक्टर मागून आले, पायऱ्यांवर तिच्या बरोबरीला येऊन थांबले. त्या पोरीपुढे बोलायची गरज होती का, असं ते म्हणतील याची तिला खात्री होती. पण ते म्हणाले नाहीत. हातातली किल्ली या बोटावरून त्या बोटावर करत राहिले. उन्हात ते तिला एकदम म्हातारे दिसले आणि तिला त्यांची दया आली, रस्त्यावरच्या कुणाचीही यावी तशी. मग ते म्हणाले, "सगळे विचारतात, वहिनी कधी येणार. परत यायचं नसेल तर नको येऊस. पण त्यांना मी काय सांगू?"

"खरं सांगा," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिनं काही मदत केली नाही. मग समोरचा सिग्नल लागला, गाड्या थांबल्या, आणि ती त्यांना तिथेच सोडून रस्ता ओलांडून पलीकडे गेली.